सव्वासातचा मेरिएंदा

आमच्या मजल्यावर एक आते राहते. ती कुणाचीही आत्या नाही. तिच्या, म्हणजे फिलिपिन्सच्या, टागालोग भाषेत 'आते' म्हणजे मोठी बहीण. वयानं जरा मोठ्या कुठल्याही बाईला ते लावतात, आपण 'ताई' म्हणतो तसं. पण भांडुपच्या आमच्या सोसायटीला हे कळेपर्यंत सगळ्यांनी तिला आत्या करून टाकलं होतं. पार्सल आलं की वॉचमन खालून "आतेबाई!" अशी हाक मारतो आणि ती वरून तितक्याच मोठ्यानं "येतंय!" म्हणून ओरडते. नवरा वेंगुर्ल्याचा, जहाजावर इंजिनीअर, वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर. ही मनिलाची, दोन मुलांची आई, आणि अंधेरीत खलाशांची कागदपत्रं बघणाऱ्या कचेरीत नोकरीला. मराठी तिला सासूनं शिकवलं, त्यामुळे ती मराठी बोलत नाही, मालवणी बोलते.

तिच्याकडून मी एक गोष्ट उचलली आणि गेली तीन वर्षं आमच्या घरात चालवतेय. तिचं नाव मेरिएंदा. ती मुंबईतल्या नोकरदार बाईच्या घरात कशी बसवायची, कुठे फसते आणि त्यात खायचं काय, ते लिहिते. ज्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे आणि ज्या साडेपाचला घरी पोचतात त्यांनी वेळेचा भाग सोडून थेट केळ्यांवर जावं.

मेरिएंदा म्हणजे दोन जेवणांच्या मधलं खाणं. शब्द स्पॅनिश. फिलिपिन्सवर स्पेननं १५६५ पासून १८९८ पर्यंत राज्य केलं, त्यातून राहिलेला. सकाळी दहाच्या सुमाराला एक आणि दुपारी तीन-चारला एक. तुम्ही म्हणाल, हा तर आपला चारचा चहा. मीही तेच म्हणाले होते. मग एकदा बँक हॉलिडेला मी कुकरची रिंग मागायला तिच्याकडे गेले. पावणेपाच वाजले होते. ती नुकतीच ऑफिसातून आलेली, पर्स अजून चपलांच्या शेजारी, आणि जमिनीवर चटई टाकून दोन मुलांच्या मधे बसलेली. मधे एकच ताटली. स्वयंपाकघरात गॅस बंद. "बस गो, चाय थंड जातली," म्हणाली. मी बसले. वीस मिनिटं त्या घरातलं कुणी उठलं नाही. ती तर नाहीच.

घरी आले आणि आमचा चारचा चहा आठवून बघितला. आमच्याकडे सगळे बसून खातात, एक जण सोडून. ती एक जण दुसरा घाणा तळत असते. गरम खा, गरम खा म्हणत असते. आणि शेवटी कढईतला चुरा उभ्यानं खाते.

तर कृतीतली पहिली आणि एकुलती एक सक्तीची पायरी ही: मेरिएंदाला आई बसते. काहीही खा, पण बसून. बाकी सगळं खाली लिहिलंय ते आपापल्या सोयीनं बदला, हे बदलू नका.

वेळ कुठून आणायची

आतेचं बरं आहे. मनिलाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिकडे साडेनऊला कचेरी उघडते तेव्हा इथे सात, म्हणून तिची ड्युटी पहाटेची आणि साडेचारला घरी. माझं ऑफिस फोर्टमध्ये, विम्याचं. सहा-दहाची धीमी लोकल मिळाली तर घरी सव्वासात. दुपारचे चार मी कुठून आणणार?

आधी मी रविवारचा प्रयोग केला. चार रविवार केला आणि त्याचा कार्यक्रम झाला. म्हणजे आदल्या दिवशी सामान, सकाळी तयारी, चारला मी घामाघूम आणि मुलं मोबाइलवर. रोजचं असेल तरच ते लहान राहतं, रविवारपुरतं केलं की फुगतं. मग सरळ ठरवलं, आमचा मेरिएंदा सव्वासातचा. दार उघडलं, चपला काढल्या, पाय धुतले, बसले. पावणेआठपर्यंत कुणी मला काही विचारायचं नाही, म्हणजे 'भाजी कुठली' हे विचारायचं नाही. दप्तरात काय हरवलं ते सांगितलं तर चालेल.

सासूबाईंचा आक्षेप अगदी रास्त होता. "आत्ता खाल्लं तर जेवणार कधी?" याला उत्तर मापात आहे. मेरिएंदा पोट भरायला नसतो. माणशी एक केळं, नाहीतर दोन खाऱ्या, नाहीतर वाटीभर काहीतरी. आमचं जेवण साडेआठवरून नऊला गेलं, एवढंच. पूर्वी माझ्या येण्यापर्यंत दोन्ही मुलं फरसाणाच्या डब्यात हात घालून बसलेली असायची, ते बंद झालं.

आता हा अर्धा तास आकाशातून पडत नाही. तो रात्रीच्या स्वयंपाकातून कापावा लागतो, आणि त्यासाठी आतेनं मला अडोबो शिकवला. हा मेरिएंदाचा पदार्थ नाही, पण त्याच्याशिवाय आमचे सोमवार-मंगळवार जमले नसते म्हणून सांगते. एक किलो चिकन, लसणीचा अख्खा गड्डा ठेचून, चमचाभर काळी मिरी, तीन तमालपत्रं, अर्धी वाटी व्हिनेगर, अर्ध्या वाटीला जरा कमी सोया सॉस, वाटीभर पाणी. सगळं एका पातेल्यात, फोडणी नाही, कांदा नाही. मीठही नाही, सोया सॉसचा खारटपणा पुरतो. उकळी आल्यावर दहा मिनिटं ढवळायचं नाही, व्हिनेगरचा नाकात जाणारा वास उडून जाऊ द्यायचा. या बाबतीत ती फार कडक आहे, मी डाव हातात घेतला की माझ्या मनगटावर फटका मारते. मग मंद आचेवर अर्धा तास, रस आटेपर्यंत. फ्रीज नव्हते त्या काळात तिच्याकडे हे व्हिनेगरामुळे टिकायचं. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. नारळाचं किंवा ताडीचं व्हिनेगर वसई-वांद्र्याकडे ख्रिस्ती वस्तीतल्या दुकानांत मिळतं. साधं पांढरं वापरलंत तर निम्मं घाला, ते फार तीक्ष्ण असतं. चिकन नको असेल त्या वारी चवळीच्या लांब शेंगा याच रसात शिजवतात, तो तिकडचा अस्सल प्रकार आहे, माझा जुगाड नाही. रविवारी दुपारी हे करून ठेवलं की सोमवारी रात्री फक्त भात लावायचा.

कोण कोण बसतं

जे घरात असेल ते. आमच्याकडे सासूबाई, दोन मुलं, मी, आणि नवरा लवकर आला तर नवरा. आते पलीकडून मुलांना घेऊन येते, तिचा तो दुसरा मेरिएंदा, पण खाण्याच्या बाबतीत ती हिशेब ठेवत नाही. कधी तिची आई फोनवर असते. आपले सव्वासात म्हणजे मनिलात पावणेदहा, 'लोला' झोपायच्या बेतात. लोला म्हणजे आजी. स्क्रीनवर अर्धा चेहरा आणि अर्धा पंखा दिसतो. तिचा पहिला प्रश्न रोज तोच असतो, जेवलात का? टागालोगमध्ये भेटल्यावर हेच विचारतात. आतेच्या वेंगुर्ल्याच्या सासूचाही पहिला प्रश्न हाच, "जेवलंस काय गो?" आते म्हणते, लग्न करून इतक्या लांब आले आणि प्रश्न बदललाच नाही.

वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याऐवजी तिची मुलं त्यांचा हात उचलून आपल्या कपाळाला लावतात. 'मानो' म्हणतात त्याला. पहिल्यांदा तिच्या मुलानं सासूबाईंचा हात असा ओढला तेव्हा त्यांना वाटलं, पोरगा हाताला मासळीचा वास येतो का ते बघतोय. त्या रागावल्या. आता दारात पाऊल वाजलं की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे होतो. तिकडून शब्दांची देवाणघेवाणही चालते. चेहऱ्याला 'मुखा', शिक्षकाला 'गुरो', परीला 'दिवाता'. संस्कृत शिकणाऱ्या आमच्या मोठीला हे कळल्यावर तिनं आतेच्या मुलाची वही घेऊन शब्द शोधायला सुरुवात केली. पपईच्या लोणच्याला तिकडे 'अचारा' म्हणतात, हा तिचा अजूनपर्यंतचा सगळ्यात मोठा शोध.

नवऱ्याबद्दल एक. बाबा लोक मेरिएंदाला पाहुण्यासारखे येतात. त्यांना काम द्या, चहाचं द्या. आमच्याकडे सव्वासातचा चहा नवरा करतो, तो घरी नसेल तर मोठी. एकदा आतेशी बाळंतपणाच्या रजेवरून बोलणं निघालं. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यांच्याकडे २०१९च्या कायद्यानं १०५ दिवस. मी जरा ताठ मानेनं हसले. ती म्हणाली, पण त्यातले सात दिवस आई बाबांच्या नावावर करू शकते. हे ऐकून नवरा म्हणाला, "मला मिळाले असते तर मी नक्की घेतले असते." त्या दिवसापासून चहा त्याच्याकडे आहे.

पिशवीत काय आणायचं

रोज काही करायचं नसतं. सोमवार ते शुक्रवार मी गॅस पेटवत नाही, चहा सोडून. येताना काहीतरी आणते. बाहेरून घरी परतताना रिकाम्या हातानं यायचं नाही हा तिकडचा पक्का रिवाज, त्या वस्तूला 'पासालुबोंग' म्हणतात. तिनं मला तो शब्द समजवायला दहा मिनिटं घेतली. मी म्हटलं, अगं, खाऊ! माझे वडील रोज संध्याकाळी खिशातून काढायचे तो खाऊ. लिमलेटच्या दोन गोळ्यासुद्धा खाऊ व्हायच्या. मधल्या काळात आपण एकदम महिन्याचं सामान भरायला लागलो आणि खाऊ किराणा झाला.

तर भांडुप स्टेशनबाहेरून रोज वीस-तीस रुपयांचं काहीतरी. भाजलेले शेंगदाणे. खारी. एप्रिलमध्ये ताडगोळे, जूनमध्ये जांभळं, पावसात भाजलेलं कणीस. नानकटाई. महिनाअखेरीला घरातलेच पोहे, कच्चं तेल, तिखट-मीठ. एकच नियम ठेवलाय, जे आणायचं ते एकाच प्रकारचं. मोठीला हे आणि धाकट्याला ते सुरू झालं की हॉटेल होतं. आणि पिशवी मुलांनी उघडायची. पिशवी उघडण्यातच अर्धी मजा असते, मी ती घाईत दोन वर्षं स्वतःच खाल्ली.

शनिवारचं केळं

शनिवारी मात्र गॅस पेटतो आणि तुरोन होतो. तुरोन म्हणजे पातळ पट्टीत गुंडाळून तळलेलं, वरून साखर चिकटलेलं केळं. तिकडे हे रस्त्यावर मिळतं, आपल्याकडच्या वड्यासारखं. मनिलाचं 'साबा' केळं इथे मिळत नाही. वेलचीचा प्रयोग करू नका, तेलात जाऊन त्याची शिकरण होते. राजेळी मिळाली तर उत्तम, ज्याची वसईला सुकेळी करतात तीच. नाहीतर केरळी लोकांच्या दुकानात वेफर्सवाली लांब केळी असतात ती घ्या, पण सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत घरात ठेवून. पिवळीधमक घातलीत तर आत बटाटा लागतो.

तिकडे लुंपियाची, म्हणजे त्यांच्या रोलची, पट्टी असते, आपण समोसा पट्टी वापरायची. डेअरीच्या फ्रीजरमध्ये मिळते. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला ढिगानं. अर्धा तास बाहेर काढून ठेवा आणि ओल्या फडक्याखाली झाका, नाहीतर वाळून मोडते. समोसा पट्टी अरुंद असते, म्हणून केळ्याचे आधी उभे दोन भाग आणि मग पट्टीच्या रुंदीहून बोटभर लहान तुकडे करा. तुकडा साखरेत घोळवायचा. त्याच्या शेजारी तिकडे पिकलेल्या फणसाची बारीक पट्टी ठेवतात, आणि त्या फणसानंच खरा तुरोन होतो, वास तोच देतो. मे महिन्यात काप्याचे गरे मिळतात. उरलेलं वर्ष काय? हे मात्र माझं डोकं: फणसपोळी. कात्रीनं तिची काडीएवढी पट्टी कापून ठेवली. आतेनं पहिला घास घेतला, थांबली, आणि उरलेली फणसपोळी कुठे ठेवलीय ते विचारलं.

गुंडाळी करून कडा मैद्याच्या खळीनं चिकटवा. दोन्ही टोकं आत दुमडली गेली पाहिजेत, नाहीतर रस तेलात उतरतो आणि तेल उडतं. तेल मध्यम तापलं की तुरोन सोडा, आणि दोन मिनिटांनी दोन-तीन चमचे साखर थेट तेलात भुरभुरा. मी पहिल्यांदा किंचाळलेच होते, तेलात साखर! पण ती विरघळते, तपकिरी होते आणि तुरोन हलवत राहिलात की त्याला जाऊन चिकटते. इथे दोन गोष्टी. एक, मुलं ओट्यापासून लांब. पाक झालेली साखर तेलापेक्षा वाईट भाजते, कातडीला चिकटून राहते. दोन, काढून कागदावर ठेवायचं नाही. मी वर्षानुवर्षांच्या सवयीनं वर्तमानपत्रावर काढले आणि त्या शनिवारी आम्ही शेअर बाजाराच्या बातम्यांसकट तुरोन खाल्ले. चाळणीवर किंवा तेलाचं बोट लावलेल्या ताटलीत, एकमेकांपासून सुटे. पाच मिनिटांत काच झाल्यासारखा आवाज येतो चावताना.

सहा माणसांना बारा तुकडे. सगळे एकदम तळून घ्या, कढई उतरवा, गॅस बंद करा, मगच बसा. 'गरम गरम देते' म्हणालात की गेलात पूर्वीच्या जागी.

लोकल बंद पडते त्या दिवसासाठी

शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की आमच्याकडे चाम्पोरादो असतो. चॉकलेटचा मऊ भात. मूळ मेक्सिकोतलं, तिकडे ते मक्याच्या पिठाचं घट्टसर पेय असतं. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला आणि अकापुल्कोच्या मधे स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती, त्यांतून ते फिलिपिन्सला आलं आणि मक्याच्या जागी भात आला. आतेच्या लहानपणी तिची शाळाही जूनमध्येच सुरू व्हायची, आणि पहिल्या मोठ्या पावसाला शाळेला सुट्टी आणि घरात हा भात. तिकडे चिकट तांदूळ घेतात, आपण आंबेमोहोर किंवा इंद्रायणी घ्यायचा. बासमतीचं नाव काढू नका.

अर्धी वाटी तांदूळ, धुऊन, तीन वाट्या पाणी, चिमूट मीठ, कुकरला चार शिट्ट्या. तिकडे कोकोच्या गोल वड्या येतात, तिचा नवरा सुट्टीवर घरी येताना आणतो. आपल्याला बिनसाखरेची कोको पावडर चालते, तीन चमचे, कोमट पाण्यात गुठळ्या मोडून. ती शिजलेल्या भातात घालायची आणि साखर घालून पाचेक मिनिटं ढवळत शिजवायची. कोको कुकरमध्येच घालून वेळ वाचवायला जाऊ नका. फेस शिट्टीतून वर येतो. आमच्या स्वयंपाकघराच्या छताला अजून एक तपकिरी नकाशा आहे, धाकटा त्याला ऑस्ट्रेलिया म्हणतो. वाढताना वरून दुधाची धार, आणि ढवळायचं नाही, पांढरं-तपकिरी तसंच खायचं.

आता अवघड भाग. याच्याबरोबर तिकडे खारवलेला सुका मासा खातात. गोड चॉकलेटचा घास, मग खारट माशाचा तुकडा. हे ऐकून सासूबाई उठून आत गेल्या. "खिरीत सुकट? शिरा पडो त्या खिरीवर." त्यांचं माहेर राजापूरचं, सुकटीवर त्यांचा जीव, पण प्रत्येक गोष्टीची जागा असते म्हणतात. मी सुका बोंबील तव्यावर भाजला, तुकडे केले आणि काही न बोलता वाटीशेजारी ठेवले. त्यांनी आधी नुसता भात खाल्ला. मग नुसता बोंबील. मग इकडेतिकडे बघून दोन्ही. मी खिडकीबाहेर पाऊस बघत होते, त्यामुळे मी काही पाहिलं नाही. मासळी चालत नसेल त्या वारी, चतुर्थीला बोंबलाच्या जागी भाजलेला उडदाचा पापड घ्यायचा, खारटपणाचं काम तो करतो. आणि बोंबील भाजताना खिडक्या कुठल्या बाजूच्या उघडायच्या ते आपापल्या शेजाऱ्यांप्रमाणे ठरवा, मी यावर जास्त लिहीत नाही.

बुधवार मोकळा ठेवलाय

बुधवारी आते नसते. ऑफिसातून परस्पर माहीमला जाते, सेंट मायकल चर्चमध्ये मेरीमातेच्या नोव्हेनाला, म्हणजे ठरलेल्या प्रार्थनेला. मनिलाला बाक्लारानच्या चर्चमध्येही बुधवारीच नोव्हेना, त्याच माऊलीचा, आणि दोन्हीकडे तो १९४८ सालीच सुरू झाला. लग्नानंतर मुंबईत पहिल्या आठवड्यात तिला हे कुणीतरी सांगितलं, आणि मग तिनं रडणं थांबवलं असं ती म्हणते. बुधवारी तिची मुलं आमच्याकडे बसतात. परत येताना ती चर्चबाहेरून काहीतरी आणते, तो त्यांचा पासालुबोंग, नऊ वाजता, जेवणाच्या ताटावर.

घरातल्या प्रत्येकाचा असा एक वार मोकळा असावा, हे मी तिच्याकडून जरा उशिरा शिकले. माझा मंगळवार. त्या दिवशी मी मुद्दाम एक गाडी सोडते आणि सीएसएमटीला बाकावर बसून एकटी चहा पिते. घरच्यांना वाटतं गर्दी होती. (हे आता त्यांना कळेल. कळू दे.)

फसतं तेव्हा

फसतंच. क्वार्टर क्लोजिंगला मी नऊला येते. परीक्षेत मुलं ताटली घेऊन खोलीत जातात. एकदा तर सलग दीड महिना काहीच झालं नाही, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पुन्हा सुरू करताना जाहीर करायचं नाही, हे लक्षात ठेवा. 'उद्यापासून आपण' असं म्हटलं की मुलांच्या कपाळावर आठ्या येतात. शेंगदाण्याची पुडी आणायची, चटई टाकायची आणि बसायचं. येतात.

मोबाइलचं काय, असं सगळ्या विचारतात. आम्ही बंदी घातली नाही. हात चिकट होतील असं खायला ठेवते.

आणि सप्टेंबरात एक दिवस आम्ही मोठा मेरिएंदा करतो. फिलिपिन्समध्ये २०१२ पासून सप्टेंबरचा चौथा सोमवार कुटुंबानं एकत्र जेवायचा दिवस म्हणून ठरवलाय. सरकारी कचेऱ्या त्या दिवशी लवकर सोडतात. आपल्याकडे असं कुणी सोडत नाही, म्हणून आम्ही तो आदल्या रविवारी पॅसेजमध्ये करतो. केळीची पानं मांडून, चारही दारं उघडी टाकून, प्रत्येक घरातून एक पदार्थ. त्याच सुमाराला आतेच्या खिडकीत नाताळची चांदणी लागते. तिकडे सप्टेंबर लागला की नाताळ लागला. पहिल्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, गणपतीचं लायटिंग अजून काढलं नाही का. दिवाळी आली तेव्हा तो आकाशकंदील ठरला आणि जानेवारीपर्यंत कुणाला काही बोलता आलं नाही.

कोनफळ, थंडीत

शेवटची कृती डिसेंबर-जानेवारीपुरती. तिच्याकडे 'उबे' नावाचा जांभळा कंद असतो आणि त्याचा 'हालाया' करतात. आईस्क्रीमपासून केकपर्यंत सगळं तिकडे त्याच रंगात मिळतं. तीन वर्षं ती मला फोटो दाखवून हळहळत होती. मग एका थंडीत उंधियूचं सामान घ्यायला मुलुंडला गेले, आणि भाजीवाल्यानं कंद कापून दाखवला. आत तोच जांभळा. आपलं कोनफळ! दोन्ही एकच कंद. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसात होती, किंचाळली असावी, कारण मागून कुणीतरी काय झालं म्हणून विचारताना ऐकू आलं.

घेताना भाजीवाल्याला टवका काढून दाखवायला सांगा, काही आतून पांढरे निघतात. कच्चं सोलताना हाताला खाज येते, म्हणून सालीसकट उकडा आणि मग सोला. अर्धा किलो कोनफळ किसून किंवा पुरणयंत्रातून काढून, वाटीभर नारळाचं घट्ट दूध, अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क, दोन चमचे लोणी. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हलवायचं. थांबलात की लागतं. हे एकटीनं करू नका, हात भरून येतो. आम्ही दोघी आळीपाळीनं हलवतो, एक हलवते तेव्हा दुसरी बसते. कढईची कड सोडून गोळा फिरायला लागला की झालं. तूप लावलेल्या डब्यात थापून थंड करा, दुसऱ्या दिवशी चमच्यानं काढून खा.

आमचा यंदाचा हालाया तिच्या निळ्या डब्यातून आला होता. डबा घासून ओट्यावर ठेवलाय, पण रिकामा परत द्यायचा नसतो. आज शनिवार, केळ्यांवर ठिपके आलेत, फणसपोळीही आहे. समोसा पट्टी आणायची राहिलीय तेवढी.